फोनमधलं गाणं बोटीच्या स्टिरिओवर नीट वाजत नाही? कुठून तपासायला लागावं

बोटीवरचा स्टिरिओ 'गेला' म्हणून मला जितक्या वेळा बोलावणं आलं, त्यांतल्या बहुतेक वेळा स्टिरिओ ठणठणीत निघाला. दोष असायचा प्लेअर (म्हणजे फोन किंवा गाणी वाजवणारं दुसरं उपकरण) आणि स्टिरिओ यांच्यामधल्या हातभर केबलमध्ये, नाहीतर स्टिरिओच्या मागे लपलेल्या निगेटिव्ह वायरच्या टोकाला. लोक मात्र आधी नवा स्टिरिओ आणून बसवतात, आणि इंजिन सुरू केलं की तीच शिट्टी नव्या स्टिरिओतूनही ऐकू येते. पैसे वाया जातात ते जातातच, पण मला जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं: नवा स्टिरिओ बसवताना जुन्या सडलेल्या वायरीवर आणखी एक जोड मारलेला असतो. मूळ दुखणं तसंच राहतं आणि वर एक नवं बसतं.

मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने खाली लिहिलं आहे. आधी फुकटातल्या गोष्टी, मग केबल बदलण्यासारख्या, मग मल्टिमीटरची कामं, आणि शेवटी जिथे मी स्वतःही थांबतो ती. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर तो कशाने सुधारला हे कळत नाही, आणि पुढच्या मोसमात तोच बिघाड परतला की पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

हे सगळं १२ व्होल्टच्या बोटीला धरून आहे. २४ व्होल्टच्या बोटीवर स्टिरिओच्या आधी २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर असतो. तिथे त्याच्यावरही संशय ठेवा, कारण तो स्वतःच बारीक किणकिण सोडू शकतो.

आधी लक्षणं

काहीही उघडण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं ऐका. इंजिन बंद असताना ऐका, मग सुरू करून. फोन चार्जरवर असताना ऐका, मग चार्जर काढून. आणि खाली दिलेल्यांपैकी नक्की काय होतंय ते कागदावर लिहा.

• रेडिओ वाजतो, पण प्लेअरचा आवाज अजिबात येत नाही.
• एकाच बाजूचे स्पीकर वाजतात.
• वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज गायब, किंवा विहिरीच्या तळातून आल्यासारखा.
• पिन हलवली की खरखर होते, बोटाने दाबून धरली की थांबते.
• फोन चार्जिंगला लावला की गुणगुण सुरू, काढला की शांत.
• इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी.
• ब्लूटूथ मध्येच तुटतं, किंवा जोडलंच जात नाही.
• इंजिनाला स्टार्टर मारला की स्टिरिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो.
• आवाज वाढवला की बंद पडतो.
• व्हीएचएफवर (बोटीच्या वायरलेस रेडिओवर) कोणी बोललं की स्पीकरमधून तुटक बडबड येते.

आता एकच प्रश्न: हाच त्रास रेडिओ लावल्यावरही होतो का? रेडिओ स्वच्छ वाजत असेल तर स्टिरिओ, स्पीकर आणि त्यांच्या वायरी ठीक आहेत, आणि दोष प्लेअरच्या बाजूला आहे. रेडिओवरही तोच आवाज येत असेल तर प्लेअर निर्दोष आहे, आणि तुम्ही थेट मल्टिमीटरच्या भागाकडे जाऊ शकता. या एका प्रश्नाने अर्धं काम संपतं. तरीही तो विचारायचाच राहून जातो.

प्लेअर आणि बटणं

प्लेअरला साधे हेडफोन लावून तेच गाणं ऐका. तिथेही एकच बाजू वाजत असेल तर बोटीवर शोधण्यासारखं काही नाही. ब्लूटूथ हेडफोन आधीच जोडलेले नाहीत ना, तेही पाहा. केबिनमध्ये पिशवीत पडलेले हेडफोन आवाज खेचून घेत असतात आणि स्टिरिओ मुका राहतो.

मग आवाजाची पातळी. केबलने जोडलेल्या प्लेअरचा आवाज साधारण ८० ते ९० टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचं काम स्टिरिओच्या बटणावर सोडा. प्लेअर हळू आणि स्टिरिओ मोठा असं ठेवलं, तर वाटेत मिसळलेली सगळी घरघर गाण्याबरोबर मोठी होते. पूर्ण १०० टक्क्यांवर काही प्लेअर फाटल्यासारखे वाजतात, म्हणून थोडं खाली. फोनमध्ये कानांच्या सुरक्षेसाठी आवाजाची मर्यादा घातलेली असू शकते. 'स्टिरिओ फार हळू वाजतो' या तक्रारीमागे ती मी अनेकदा पाहिली आहे.

स्टिरिओवर स्रोत बरोबर निवडलाय का, म्यूट चालू आहे का, बॅलन्स एका बाजूला गेलाय का, ते बघा. बोटीच्या स्टिरिओत कॉकपिट (बाहेरची, सुकाणूपाशी बसायची जागा), केबिन असे वेगवेगळे झोन असतात आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र असतो. मागच्या वेळी कोणीतरी रात्री कॉकपिटचा आवाज शून्यावर नेलेला असतो, एवढंच.

पिन पूर्ण आत गेली आहे का

गायकाचा आवाज गायब होण्याचं कोडं इथे सुटतं. ३.५ मिमीच्या पिनवर कड्या असतात: डावी बाजू, उजवी बाजू, दोघांची सामाईक निगेटिव्ह आणि फोनसाठीच्या पिनवर माइकची चौथी. पिन मिलिमीटरभर बाहेर राहिली की सामाईक निगेटिव्ह सुटते. मग स्टिरिओपर्यंत डाव्या-उजव्यातला फरक तेवढा पोहोचतो. गाणाऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे तो एकमेकांत कटून जातो आणि बाजूंची वाद्यं उरतात. म्हणून हे लक्षण दिसलं की थेट सामाईक निगेटिव्हकडे पाहा.

कारण बहुतेक वेळा फोनचं जाड कव्हर. बोटीवर फोन पाण्यापासून वाचवायला जाडजूड कव्हरात असतो, आणि त्याच्या भोकातून पिनचं प्लास्टिक आत शिरत नाही. कव्हर काढून बघा. एवढ्याने जमलं तर बारीक मानेची केबल घ्या.

केबल आणि अ‍ॅडॅप्टर

दुसरी, खात्रीची केबल लावून बघा. मी एक केबल फक्त तपासणीसाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवतो आणि रोजच्या वापरात कधीच काढत नाही. वापरली की तिची खात्री संपली. केबल बहुधा पिनच्या मानेपाशी तुटते, कारण बोट हलते, फोन घसरतो आणि सगळा ताण त्या एका वाकणावर येतो.

२०१६ मध्ये आयफोन ७ आला तो हेडफोनच्या भोकाशिवाय, आणि त्यानंतर इतर अनेक फोनांनीही ते काढून टाकलं. तेव्हापासून मधे एक अ‍ॅडॅप्टर आला, आणि तक्रारींचा एक नवा प्रकारही. यूएसबी-सीच्या अ‍ॅडॅप्टरच्या दोन जाती आहेत. एकात नुसत्या तारा असतात. फोनने स्वतः आतून अ‍ॅनालॉग आवाज बाहेर काढला तरच तो चालतो. दुसऱ्यात आवाज तयार करणारी छोटी चिप असते. पुष्कळ फोन पहिल्या जातीला आवाज देतच नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून एका फोनवर चालणारा अ‍ॅडॅप्टर दुसऱ्यावर मुका राहतो आणि दोष स्टिरिओला दिला जातो. चिप असलेला घ्या.

जॅक साफ करणं

पिन हलवल्यावर खरखर होत असेल तर नव्वद टक्के काम इथेच आहे असं समजा. खाऱ्या हवेतला क्षार जॅकच्या आत बसतो, आणि क्षाराचा स्वभाव असा की तो हवेतली ओल ओढून घेतो. म्हणजे कोरड्या दिवशीही जॅकच्या आत ओल असते, आणि त्या ओलीत धातू हळूहळू काळा-हिरवा पडत जातो. स्टिरिओचं तोंड जलरोधक असतं हे खरं, पण जॅकवरचं रबरी झाकण उघडं राहिलं की त्या भोकापुरती ती हमी संपते. झाकण बहुतेकदा उघडंच असतं, कारण केबल कायम लावून ठेवलेली असते.

स्टिरिओ पॅनेलवरून, म्हणजे बोटीच्या स्विचांच्या फळीवरून, बंद करा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा विद्युत जोडांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. बारीक काडीला कापूस लावून आत फिरवा, मग पिन ओली करून दहा-बारा वेळा आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर किंवा सुरीचं टोक अजिबात वापरू नका: पिनवरचा मुलामा फार पातळ असतो, तो गेला की खालचा धातू पुढच्या काही आठवड्यांतच सडतो. या द्रवांची वाफ पेट घेते, म्हणून हॅच उघडी ठेवा, आणि पेट्रोल इंजिनाच्या कप्प्याजवळ हे काम करूच नका. फोनचं पोर्ट ओलं असेल तर ते सुकेपर्यंत चार्जर लावू नका. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की पिना झिजतात.

फोन चार्जिंगला लावला की गुणगुण

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. यावर थोडा वेळ घालवतो, कारण हे समजलं की पुढचं अर्धं आपोआप समजतं.

स्टिरिओची निगेटिव्ह वायर एका वाटेने बॅटरीकडे जाते. चार्जरच्या सॉकेटची निगेटिव्ह दुसऱ्या वाटेने. फोनला चार्जर लावून शिवाय ऑडिओ केबलही लावली, की केबलच्या जाळीमुळे (सिग्नलच्या तारांभोवतीचं, निगेटिव्हला जोडलेलं विणलेलं वेष्टन) या दोन वाटा फोनपाशी एकमेकींना जोडल्या जातात आणि एक पूर्ण वर्तुळ तयार होतं. बोटीवर पंप, फ्रिज, दिवे, अल्टरनेटर यांचे करंट याच निगेटिव्ह वायरींतून धावत असतात, त्यामुळे दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडत राहतो. तो फरक हजारावा भाग व्होल्टचा का असेना, गाण्याच्या सिग्नलवर स्वार होतो आणि स्टिरिओ त्याला इमानेइतबारे मोठा करतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

म्हणून तपासणी सोपी: चार्जर उपसा. आवाज गेला तर निदान झालं. उपायही स्वस्तातून महागाकडे असे आहेत. फोन पॉवर बँकेवर ठेवा. पॉवर बँक बोटीच्या वायरिंगला जोडलेली नसली की वर्तुळच पूर्ण होत नाही. किंवा ब्लूटूथ वापरा. किंवा ऑडिओ केबलच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्याच्या पोटात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि तांब्याचा जोड तुटतो. अगदी हलक्या दर्जाच्या आयसोलेटरने खर्जाचा आवाज थोडा पातळ होतो. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चार्जरच्या सॉकेटची निगेटिव्ह आणि स्टिरिओची निगेटिव्ह एकाच बस बारवर (अनेक वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर) एकमेकींशेजारी आणणं.

एक फसगत सांगतो. जुन्या स्टिरिओला ब्लूटूथ यावं म्हणून पुष्कळ जण छोटा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्समध्ये (स्टिरिओच्या केबल लावायच्या जॅकमध्ये) लावतात आणि त्याला वीज बोटीच्या यूएसबी सॉकेटमधून देतात. वर्तुळ पुन्हा तेच. फोन बिनतारी झाला, पण रिसीव्हर तारेनेच बांधलेला आहे, आणि गुणगुण तशीच राहते.

ब्लूटूथ, यूएसबी, एफएम

ब्लूटूथ जोडलं जात नसेल तर स्टिरिओच्या यादीतले जुने फोन पुसा, फोनमधूनही स्टिरिओचं नाव पुसा आणि नव्याने जोडा. स्टिरिओला ठरावीक संख्येचेच फोन लक्षात राहतात आणि यादी भरली की काही स्टिरिओ नव्याला न सांगता नाकारतात. गाणं मध्येच दुसऱ्याच्या फोनवरून यायला लागलं किंवा तुटलं, तर केबिनमधला आधी जोडलेला एखादा फोन स्टिरिओला पकडतोय. त्याचं ब्लूटूथ बंद करून बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, आणि पाणी ही लहर शोषतं. माणसाच्या अंगातही पाणीच आहे, म्हणून फोन मागच्या खिशात ठेवून स्टिरिओकडे तोंड करून उभं राहिलं तरी आवाज तुटतो. मोकळ्यावरची १० मीटरची पोच दोन भिंती आणि एका धातूच्या पत्र्याआड निम्मीसुद्धा राहत नाही.

यूएसबीवर 'डिव्हाइस नाही' दिसलं तर प्रथम केबल: काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. बरेच स्टिरिओ एनटीएफएस किंवा एक्सफॅट वाचत नाहीत. अँड्रॉइड फोन यूएसबीने लावला की तो आधी 'फक्त चार्जिंग'वर जातो, आणि फाइल ट्रान्सफर निवडलं तरी अनेक स्टिरिओंना ती भाषा कळत नाही. त्यावर डोकं फोडण्यापेक्षा गाणी पेन ड्राइव्हवर घ्या.

जुन्या बोटींवर ३० पिनांचा आयपॉड डॉक अजून सापडतो. काही जुने डॉक १२ व्होल्टच्या फायरवायर पिनांवरून चार्ज करायचे, आणि २००८ पासूनच्या नव्या मॉडेलांनी तो मार्ग सोडला. म्हणून अशा डॉकवर गाणी वाजतात पण बॅटरी भरत नाही. तो बिघाड नव्हे, दुरुस्त करत बसू नका.

एफएम ट्रान्समीटर हा माझ्या मते शेवटचा पर्याय. धक्क्यावर असताना मोकळी सापडलेली फ्रिक्वेन्सी, बोट थोडी पुढे गेली की दुसऱ्या स्टेशनच्या ताब्यात जाते. शिवाय तो चार्जिंग सॉकेटवरच चालतो.

आता मल्टिमीटर

इथून पुढे पॅनेल उघडायचं आहे. पेट्रोलची बोट असेल तर आधी बिल्ज (बोटीचा तळाचा भाग) हुंगा, ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. वास आला तर काम बंद, कोणताही स्विच दाबू नका, बोटीवरून उतरा.

आणखी एक इशारा, आणि तो मी मोठ्या अक्षरात लिहिला असता. स्टिरिओच्या हार्नेसमध्ये (मागून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात) पिवळी वायर म्हणजे कायम चालू असलेला पॉझिटिव्ह, मेमरीसाठीचा. पण अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकाप्रमाणे बोटीच्या डीसी वायरिंगमध्ये पिवळी वायर निगेटिव्ह असू शकते. पिवळीला पिवळी जोडली की थेट शॉर्ट. रंगावर कधीही विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर मीटरने तपासून मगच नाव द्या.

फ्यूज आधी. बाहेरून सलग दिसणारा फ्यूजही पायांना गंज असल्यामुळे करंट अडवतो, म्हणून काढून पाय पाहा. बदलायचा तर त्याच अँपियरचा. नवाही लगेच उडाला तर मोठा बसवू नका. कुठेतरी शॉर्ट आहे, आणि मोठ्या फ्यूजमुळे फ्यूजच्या जागी वायर जळेल.

व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टर्मिनलवर आणि स्टिरिओच्या पाठीमागे, तोही गाणं मोठ्याने वाजत असताना. आराम केलेली भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी असते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. बॅटरीवर १२.६ आणि स्टिरिओपाशी ११.५ दिसलं तर मधल्या वाटेत एक व्होल्ट खाल्ला जातोय, आणि खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला तो आणखी खाल्ला जातो. आवाज वाढवल्यावर बंद पडणं याचंच लक्षण. न वाजवता मोजलं तर दोन्हीकडे १२.६ च दिसेल आणि तुम्ही फसाल, कारण करंट वाहत नसेल तर सडलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

स्टार्टर मारताना बंद पडून सुरू होणारा स्टिरिओ बहुधा स्टार्टिंग बॅटरीवर जोडलेला असतो. स्टार्टर शेकडो अँपियर ओढतो, तेवढा वेळ व्होल्टेज खाली बसतं. स्टिरिओ हाउस बॅटरीवर, म्हणजे दिवे-पंप चालवणाऱ्या वेगळ्या बॅटरीवर, घ्या.

निगेटिव्ह वायर

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब स्टिरिओच्या निगेटिव्ह वायरवर, गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टच्या आसपास ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड सापडेपर्यंत एकेक टप्पा मागे जात मोजा.

याचं महत्त्व दिसतं त्याहून मोठं आहे. स्टिरिओची निगेटिव्ह कमकुवत झाली की त्याचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि चार्जिंगला लावलेल्या फोनची ऑडिओ केबल ही त्याला आयतीच वाट मिळते. बारीक सिग्नल केबलच्या जाळीतून मग स्टिरिओचा करंट जायला लागतो. एकदा मी हात लावला तेव्हा ऑक्सची केबल कोमट लागली होती. तिथे आधी कोणीतरी आयसोलेटर बसवून गेलं होतं. गुणगुण दबली होती आणि सडलेली वायर तशीच होती. म्हणून आयसोलेटर लावण्याआधी निगेटिव्ह तपासा.

जोड उघडला की तांब्यावर हिरवी पूड दिसेल. वायरचं आवरण इंचभर मागे सोला. आत तांबं काळं असेल तर क्षार आतून चढत गेला आहे, आणखी मागे कापा. लखलखीत धातू दिसेपर्यंत कापत जा. नवा तुकडा कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याचा घ्या, जोड क्रिम्प करा (पकडीने दाबून बसवा) आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड बोटीवर टिकत नाही. नुसत्या डाखाचाही नाही, कारण डाखामुळे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने डाखाच्या कडेला तुटते.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

ऑडिओ केबल स्टिरिओतून पूर्ण काढा, स्रोत ऑक्सवरच ठेवा, इंजिनाचा वेग कमी-जास्त करा. शिट्टी गेली तर ती केबलमार्गे येत होती: वर सांगितलेला लूप, किंवा केबल बॅटरीच्या जाड वायरीला चिकटून धावतेय. केबल हातभर दूर न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शिट्टी राहिली तर ती विजेच्या वाटेने येतेय. मग निगेटिव्ह पुन्हा बघा, आणि ती चांगली असेल तर स्टिरिओच्या पॉझिटिव्हवर नॉइज फिल्टर लावा.

अल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो आणि डायोड तिची डीसी करतात. एखादा डायोड गेला की लहरी वाढतात आणि शिट्टी कर्कश होते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन मध्यम वेगावर, काही दिवे लावून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अल्टरनेटर निर्दोष. ०.५ च्या घरात गेलं तर हा विषय गाण्याचा राहिला नाही, बॅटरीचं आयुष्य जातंय. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कधीही बंद करून बघू नका; डायोड त्या क्षणी जाऊ शकतात.

स्पीकर

एकच बाजू वाजते आणि रेडिओवरही तसंच, तर डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी स्टिरिओपाशी अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर किंवा त्याची वायर, जागेवर राहिला तर स्टिरिओचा चॅनल. वायरी स्टिरिओतून सोडवून त्यांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. चांगला स्पीकर 'ठप्प' करतो. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ४ ओहम दाखवेल.

स्पीकरची निगेटिव्ह वायर बोटीच्या निगेटिव्हला कधीच जोडू नका. आजच्या स्टिरिओत दोन्ही वायरींवर अ‍ॅम्प्लिफायर काम करत असतो, एक जमिनीला टेकली की तो स्वतःला बंद करतो किंवा जळतो. स्पीकरचं गंजलेलं टर्मिनल धातूच्या चौकटीला टेकलं तरी हेच होतं.

कुठे थांबायचं

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. एखादी वायर गरम लागली किंवा जळका वास आला. पेट्रोल इंजिनाच्या किंवा टाकीच्या कप्प्यातून वायर न्यावी लागणार आहे. तिथे ठिणगी न सोडणारी उपकरणंच चालतात. अल्टरनेटरच्या लहरी जास्त आहेत. यातलं काहीही झालं तर पॅनेल बंद करा आणि बोटींचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. गाडीचं काम करणारा नको.

बोट स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मी त्याहून आधी थांबायला सांगेन. तिथे स्टिरिओची धातूची पेटी किंवा अँटेनाचा तळ बोटीच्या धातूच्या अंगाला टेकला की निगेटिव्हला नको तिथे जोड मिळतो, करंट त्या अंगातून वाहतो आणि पत्रा खाल्ला जातो. गाणं मात्र छान वाजत राहतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

आणि धक्क्यावरची वीज जोडल्यावरच घुमघुम येत असेल तर फक्त बॅटरी चार्जर त्याच्या स्विचने बंद करून बघा. घुमघुम गेली तर चार्जर. गेली नाही तर पुढे काही उघडू नका. एसीची वीज बोटीवरून पाण्यात गळत असेल तर जवळ पोहणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो, गोड्या पाण्यात तर जास्तच. तपास होईपर्यंत त्या बोटीजवळ कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

इलेक्ट्रिशियन आला की लक्षणांचा कागद आणि तुम्ही मोजलेले आकडे त्याच्या हातात द्या. त्याचा पहिला तास वाचतो.

पॅनेल लावण्याआधी

व्हीएचएफवर बोलताना स्पीकर बडबडत असतील तर अँटेनाची केबल आणि स्पीकरच्या वायरी एकमेकांपासून वेगळ्या करा, आणि स्टिरिओपाशी वायरींवर फेराइटचं कडं (रेडिओ लहरी अडवणारं) चढवा. बोटीवरचा व्हीएचएफ २५ वॉटपर्यंत सोडतो, स्पीकरची लांब वायर ते अँटेनासारखं पकडते.

स्पीकर बदलला किंवा हलवला असेल तर कंपास बघा. स्पीकरचं चुंबक जोरदार असतं. कंपासपासून मीटरभर तरी दूर हवं. ओळखीच्या दिशेवर बोट धरून कंपासचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून घ्या.

शेवटची तपासणी उलट दिशेची. स्टिरिओ आणि चार्जर बंद ठेवून व्हीएचएफचा स्क्वेल्च (खसखस दाबणारं बटण) हळूहळू उघडा, खसखस सुरू झाली की ती जेमतेम थांबेल इतपत बंद करा. आता चार्जर लावा, मग स्टिरिओ. खसखस परत आली तर ते उपकरण तुमचा व्हीएचएफ बहिरा करतंय, म्हणजे १६ नंबरच्या चॅनलवरची मदतीची हाक तुम्हाला ऐकू येणार नाही. एलईडी दिव्यांमुळे हेच होतं म्हणून अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये सूचना काढली होती. स्वस्त यूएसबी चार्जर त्याच जातीचे. असा चार्जर सापडला तर तो बोटीवरून उतरवा, गाणं कितीही स्वच्छ वाजत असलं तरी.